तासकाट्याचा घास

मी चिमटा बोलतोय. दोरीवर कपडे धरून ठेवणारा नव्हे, केसांत खोचतात तोही नव्हे, आणि शेगडीशी तर माझा लांबूनसुद्धा संबंध नाही. मी घड्याळजीचा चिमटा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चिमटा म्हटलं की लोक मला कुठेही नेऊन बसवतात.

माझा जन्म एका कारखान्यातला. दोन पोलादी पट्ट्या एका टोकाला सांधल्या आणि दुसरी टोकं दगडावर घासघासून इतकी बारीक केली की ती मिटल्यावर मधून उजेडही जाऊ नये. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"चा तोरा मी अजून मिरवतो.

माझ्या मालकांनी मला घेतलं तेव्हा ते ऐन विशीत होते. पुढची चाळीस वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताचं सहावं बोट होतो. डोळ्याला भिंग लावून ते घड्याळाचं पोट उघडायचे आणि मी आत उतरायचो. केसाएवढी कमान, तिळाएवढा स्क्रू, मोहरीएवढं चाक, सगळं माझ्या ओठांतून गेलंय. गिऱ्हाइकं यायची ती एकच वाक्य पाठ करून आल्यासारखी: "जरा बघा ना, कालपर्यंत छान चालत होतं." तीन वर्षं बंद पडलेल्या घड्याळाचा मालकही हेच म्हणायचा. मालक हसायचे नाहीत. "काल ना? बघू," म्हणायचे.

चिमट्याचा एकच वैरी, थरथर. हात स्थिर तर चिमटा राजा. म्हणून मालकांचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा त्यांच्याआधी ते मला कळलं. पण सांगणार तरी कुणाला? थरथर वाढत गेली. एके दिवशी एका शिक्षिकेच्या आईचं जुनं घड्याळ उघडलं होतं. माझ्या टोकात चाक होतं. हात हलला आणि चाक उडालं ते उडालंच. मालक दोन तास जमिनीवर पालथे पडून शोधत होते. मिळालं नाही. ते उठले, गुडघे झटकले, आणि माझ्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद.

दुकानातलं टेबल घरी आलं आणि मी त्या टेबलाच्या खणात, डबीत. खरं सांगायचं तर मला मालकांचा राग आला होता. माझी टोकं शाबूत होती, मग शिक्षा मला का? मधल्या काळात माझे जे हाल झाले ते न बोललेलेच बरे. मालकीणबाईंनी माझ्याकडून पायातला काटा काढून घेतला. लेकीने एकदा घाईत भुवया कोरल्या. ज्याने कमानी सरळ केल्या त्याच्यावर भुवया सरळ करायची वेळ आली!

डबीतून मला घर नुसतं ऐकू यायचं. लेक प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स. ती घरी आली की चपला काढायच्या आधी तिचा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, गोळी घेतलीत का?" थरथर कमी करायची गोळी होती ती. मालकांना ती आवडायची नाही. घेतली की सुस्ती येते म्हणायचे, आणि हात शांत झाला तरी आता त्या हाताला काम काय, हे ते म्हणायचे नाहीत. ते हात काखेत दडवून बसायचे. मालकीणबाई त्यांना चहा अर्धा कपच द्यायच्या, तो संपला की पुन्हा अर्धा. भरलेला कप सांडतो, हे त्या घरात कुणी कधी तोंडाने बोललं नाही.

मग एके दिवशी माझ्या डोक्यावर, म्हणजे टेबलावर, काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला.

"अगं, पाल आहे ही!" मालकीणबाई ओरडल्या.

"पाल नाही आई, लेपर्ड गेको आहेत. दोन आहेत."

"दोन पाली! इथे एक हाकलायला माझा झाडू झिजला आणि तू दोन पेटीत घालून आणल्यास?"

लेकीने सगळं सांगितलं. एक भाडेकरू घर सोडून गेला. मागच्या गॅलरीत, जुन्या गादीच्या आड काचेची पेटी राहिली. खाली वाळू, पाण्याची वाटी कोरडी, ऊब कसलीच नाही. किती दिवस गेले कुणास ठाऊक. घरमालकाने पेटी उचलून दवाखान्यात आणून दिली. तिथे कुत्र्यांचा कलकलाट, आणि यांना हवी शांतता. म्हणून फक्त दोन आठवडे.

"लोक प्राणी आणतात हौसेने," मालक हळूच म्हणाले, "आणि मग गादीमागे ठेवतात." ते कुणाबद्दल बोलत होते ते मला डबीत बसून नीट कळलं.

त्याच संध्याकाळी खण उघडला आणि लेकीने मला बाहेर काढलं. मी त्या दोघांना प्रथम पाहिलं. पिवळट अंगावर काळे ठिपके आणि, आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात तशा, उघडमीट करणाऱ्या पापण्या. पण अवस्था बघवत नव्हती. या प्राण्यांचं शेपूट म्हणजे त्यांची कोठी, खाल्लेलं सगळं तिथे साठतं. एकाचं शेपूट काडीसारखं होतं आणि दुसऱ्याचं दोऱ्यासारखं. टाकलेली कात बोटांभोवती घट्ट आवळून बसली होती. लेकीने त्यांना कोमट पाण्यात बसवलं, ओल्या कापसाने कात मऊ केली आणि सुटलेली कड माझ्या टोकात धरून अलगद सोलली. पंधरा बोटं वाचली, बाकीची आधीच वाळून गेली होती. इतकी वर्षं बंद होतो, पण माझं टोक एकदाही चुकलं नाही. मालक लांब उभे राहून बघत होते, हात काखेत.

वाळू गेली, कागद अंथरला. पेटीच्या एका टोकाखाली विजेवर तापणारी छोटी गादी आली आणि दुसरं टोक थंड राहिलं. लपायला उलटा डबा आला. नावं मालकांनी ठेवली. जरा चपळ होता तो मिनिटकाटा, आणि दोऱ्यासारख्या शेपटीचा, एकाच जागी तासन्‌तास बसणारा, तो तासकाटा. मालकीणबाई म्हणाल्या, "काटेच ते, बघून अंगावर काटाच येतो."

मिनिटकाटा तिसऱ्या दिवशी खायला लागला. तासकाटा काही केल्या तोंड उघडेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या.

"नाकाला पातळ खाणं लावत राहा, ते चाटेल," त्या म्हणाल्या. "पण त्यावर फार दिवस निघणार नाहीत. आठवडाभरात स्वतःहून घास घ्यायला लागला तर जगेल."

"आणि नाही घेतला तर?" मालकांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पेटीचं झाकण लावलं आणि चपला घातल्या.

घास म्हणजे पिवळा, बोटाच्या पेराएवढा किडा. जिवंत किडा अशा अशक्त जनावरालाच चावायचा, म्हणून तो मारून द्यायचा. तो धरायचं काम माझ्याकडे आलं. पण माझं टोक त्याच्या तोंडाला लागू नये म्हणून लेकीने सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे दोन तुकडे कापून माझ्या दोन्ही टोकांवर चढवले. "टोपडी घातलीस की गं त्याला!" मालकीणबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं ज्या धारेवर मी जगलो ती रबरात झाकली गेली. मला रडू आलं असतं, पण पोलादाला ती सोय नाही.

लेकीचा हात नर्सचा, दगडासारखा स्थिर. ती किडा त्याच्यासमोर धरायची. तासकाटा त्याच्या आरपार बघायचा. तिने किडा हलवून पाहिला तर तो झेंडा हलवल्यासारखा हलायचा आणि तासकाटा घाबरून डब्याखाली शिरायचा. असे पाच दिवस गेले. लेकीने हात टेकले.

सहाव्या दिवशी, दिवेलागणीला, तिचा फोन आला. दवाखान्यात एका कुत्रीचं बाळंतपण अडलं होतं.

"बाबा, आज तासकाट्याला तुम्ही द्या."

"मी? या हातांनी?"

"मग आई देईल का?"

"आई मुळीच देणार नाही!" आतून आवाज आला.

मालकांनी काखेतून हात काढला. किती वर्षांनी ती बोटं माझ्या अंगावर आली! तीच बोटं, जरा सुकलेली. त्या दिवशी गोळीची आठवण करायला लेक नव्हती आणि मालक सोयीस्करपणे विसरले होते, त्यामुळे हात असा थरथरत होता की मला वाटलं, आता किडा उडणार आणि हे पुन्हा दोन तास जमिनीवर.

किडा पेटीत गेला. माझ्या ओठांत तो बारीक, एकसारखा, न थांबता थरथरत होता. तासकाट्याने मान उचलली. एक पापणी उघडली, मग दुसरी. त्या दोऱ्यासारख्या शेपटीचं टोक हललं. मग झडप! पहिल्यांदा त्याने माझं टोपडंच चावलं. दुसऱ्यांदा किडा गेला.

"अहो ऐकलंत का!" मालक ओरडले. एरवी त्यांना हाक मारायचे हे शब्द मालकीणबाईंचे. त्या धावत आल्या, आणि पालीच्या पेटीपासून वीतभर अंतरावर उभ्या आहोत हे विसरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांची लगीनघाई बघण्यासारखी होती. काम नीट व्हायला हवं म्हणून त्यांनी गोळी वेळेवर घेतली. दाढी केली. लेक बघायला बसली. मालकांनी किडा धरला, छान, स्थिर. तासकाटा ढिम्म. दुसरा किडा, तिसरा किडा. ढिम्म. मालकांचा चेहरा पडला. "काल भुकेच्या भरात चावला असेल," ते म्हणाले आणि मला खाली ठेवलं. त्या वेळी मला चाक हरवल्याच्या दिवशीपेक्षा वाईट वाटलं. तेव्हा नुसतं घड्याळ थांबलं होतं.

मालकीणबाई दोघांचा चहा घेऊन आल्या. मालकांनी आपला अर्धा कप संपवला आणि खाली ठेवला. त्या बशीकडे बघत राहिल्या.

"आज सांडला नाही तुम्ही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चहा. थेंब नाही बशीत." मग त्या लेकीकडे वळल्या. "अगं, काल यांचा हात हलत होता! त्याला वाटलं असेल किडा जिवंत आहे. आज गोळी घेऊन यांनी मेलेला किडा मेल्यासारखाच धरलाय."

ज्या गोष्टीचं नाव त्या घरात कधी निघालं नव्हतं ती त्यांनी चहाच्या बशीवरून सरळ सांगून टाकली होती. मग मालक हसायला लागले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग लेक हसली. हसणं संपलं तरी मालकांच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं नव्हतं.

मालकांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तासाभराने गोळी घेतली तर काही बिघडत नाही. तेव्हापासून क्रम ठरला. आधी तासकाट्याचा घास, मग मालकांची गोळी. आठवडाभरात एकाचे दोन किडे झाले, दोनाचे चार. किड्यांना कॅल्शियमची पूड फासून द्यायची, ते काम मालकीणबाईंनी स्वतःहून घेतलं. "तासू, आ कर बघू," असं त्या म्हणायच्या. दोऱ्याची काडी झाली, काडीची पेन्सिल, आणि आता त्या शेपटीला मालकांच्या करंगळीची जाडी आहे. दोन आठवड्यांनी पेटी परत न्यायचा विषय लेकीने काढला तेव्हा मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "पेटी हलवलीस तर माझा झाडू तुझ्यावर झिजेल."

मी हे सगळं मोठेपणा सांगायला बोलत नाही. मी ऋणी आहे. ज्या थरथरीला मी आयुष्यभर वैरी समजलो तिनेच मला पुन्हा त्या हातात नेऊन बसवलं. तासकाट्याने माझं टोपडं चावलं त्याचे दोन बारीक व्रण अजून रबरावर आहेत. लेकीने रबर बदलायचं म्हटलं तेव्हा मालकांनी बदलू दिलं नाही. तुमच्याही घरात एखादी वस्तू, एखादा प्राणी किंवा एखादं माणूस असं गादीमागे राहिलं असेल, तर एकदा हात घालून बघा. माझं मागणं एवढंच.

गेल्या आठवड्यात तासकाट्याने वाटीतला जिवंत किडा स्वतः धावून पकडला. त्याला आता माझी गरज नाही. मालकांनी टाळ्या वाजवल्या, मला पुसलं, टोपडी काढून ठेवली आणि डबीत घातलं. झाकण मात्र लावलं नाही, खणही अर्धा उघडाच ठेवला. मीही तक्रार केली नाही. ते रोज त्या वेळी टेबलाशी येऊन बसायचे, हात पुन्हा काखेत.

आज आत्ता दार वाजलं. लेक आली आहे. तिच्या हातात भोकं पाडलेलं बुटांचं खोकं आहे आणि आत काहीतरी अगदी हळू सरकतंय. नेहमीप्रमाणे चपला काढायच्या आधी तिने विचारलं:

"बाबा, गोळी घेतलीत का?"

"नाही गं, आता घेणारच होतो. ओरडू नकोस."

"थांबा. घेऊ नका इतक्यात."

मालक तिच्याकडे बघत राहिले, मग खोक्याकडे. मग त्यांनी काखेतून हात काढला आणि खण पुरता ओढला. मला इथेच थांबायला हवं. माझी टोपडी चढवायला घेतली आहेत.