शेडमधल्या डिस्क

"पपा, तू लोकांच्या गाड्यांच्या चांगल्या ब्रेक-डिस्क गेल्या म्हणून सांगतोस आणि मागाहून दुसऱ्यांना विकतोस का?"

प्रश्न माझा नव्हता. शाळेच्या बसमध्ये माझ्या वर्गातल्या स्मिला आणि योर्डिसने तो माझ्या गळ्यात बांधला होता. "हल्ली वर्गात फार तोंड उघडतेस ना, मग घरी उघडून दाखव," स्मिला म्हणाली. मग मी उघडलं, तेही जेवणाच्या टेबलावर.

पपा ब्रेडला लोणी लावत होता. तो म्हणाला, "हो, ब्रेड संपत आलाय. उद्या आणतो."

ममाची सुरी मात्र चीजमध्ये अर्ध्यावर थांबली. "थेक्ला, हे कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?"

"सगळं आडेनाऊ गाव बोलतंय."

"सगळं आडेनाऊ म्हणजे स्मिलाचा काका. त्याचंही गॅरेज आहे, हे विसरू नकोस."

ममा चिडली होती, पण 'नाही' काही म्हणाली नाही. आणि पपाने तर सरळ विषयच बदलला. मला हे दोन्ही आवडलं नाही.

आमचं गॅरेज रिंगकडे, म्हणजे गाड्या पळवायच्या ट्रॅककडे, चढणाऱ्या रस्त्यावर आहे. शनिवारी लोक आपापल्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन येतात, रिंगवर जीव खाऊन पळवतात, ब्रेक लालबुंद करतात आणि मग आमच्या दारात येऊन विचारतात, "गेरेऑन, ह्या डिस्क अजून चालतील की बदलायच्या?" गेरेऑन म्हणजे माझा पपा. तो चाक काढतो, डिस्क उतरवतो, थंड झाली की आकड्याला टांगतो आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकतो. धड डिस्क घंटेसारखी लांबवर वाजते. आत कुठे चीर गेलेली असेल तर नुसती ठक्क करते. डोळ्यांना न दिसणारी चीर पपाच्या कानाला सापडायची, म्हणून बेल्जियम-हॉलंडहून माणसं यायची.

पण या उन्हाळ्यात त्याचा एकच निकाल चालला होता. गेली. बदल. ज्याची त्याची डिस्क गेलेलीच. आणि उतरवलेल्या डिस्क मागच्या शेडमध्ये. पूर्वी भंगारवाला येऊन घेऊन जायचा, आता त्याला परत पाठवतात. शेडला नवं कुलूप लागलं होतं. यात काळंबेरं नाही असं कोण म्हणेल?

शनिवारी ममा बेकरीत कामाला जाते. मी झाडू हातात घेतला आणि गॅरेजात उभी राहिले. पपाने माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी स्वतःहून झाडू घेतला होता, म्हणजे त्यालाही माझा संशय आला असणार.

मारेका आली. डच आहे, पांढरी छोटी गाडी, दर महिन्याला येते. पपाने पुढची डिस्क आकड्याला टांगली आणि ठोकली.

गॅरेज भरून आवाज झाला. खिडकीच्या काचेपर्यंत गेला, परत आला, आणि तरी वाजतच होता. इतकी ठणठणीत डिस्क मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पपाने मान हलवली. "गेली. बदल."

"अरे, आता वसंतातच तर घातली," मारेका म्हणाली.

"रिंगला वसंत कळत नाही."

"बरं, मग या वेळी भोकांची दे. चाकाच्या दांड्यांमधून काय छान दिसते."

"छान दिसायला फुलं लाव. भोकांची डिस्क तापली की भोकापासूनच चीर निघते. तुझ्यासारखी ब्रेकवर उभी राहणारी बाई असेल तर साधी घे, फार तर खाचांची."

"तू कधी कुणाला हवं ते दिलंयस, गेरेऑन?"

"दिलं असतं तर माझी गिऱ्हाइकं रिंगच्या कुंपणाला लटकली असती."

ती हसली. मला हसू आलं नाही. इतकं गोड बोलून माणूस लुबाडतो कसा, एवढंच मी पाहत होते. तिची ती ठणठणीत डिस्क फडक्यात गुंडाळून शेडमध्ये गेली. मी तिला 'थांब' म्हणायला हवं होतं. पण माझं तोंड फक्त वर्गात उघडतं, असं तेव्हा कळलं.

रविवारी दुपारी पपाने शेडमधल्या काही डिस्क व्हॅनमध्ये भरल्या. "जरा जाऊन येतो," म्हणाला. कुठे, ते सांगितलं नाही. मी सायकल काढली. आमच्या चढ-उतारांवर व्हॅनच्या मागे राहायचं म्हणजे फुफ्फुसं हातात येतात, पण पपा फार लांब गेला नाही. लाकूडतोड्यांच्या कच्च्या रस्त्याने रानात शिरला आणि थांबला. बरोबर जागा निवडली, मी म्हटलं. इथे देवाणघेवाण कोण बघणार. झाडामागे उभी राहून मी मोबाईल काढला. स्मिलाला फोटो पाठवला की बसमध्ये माझं नाव होणार होतं.

कुणीच आलं नाही. पपाने फांदीला दोरी बांधली, एक डिस्क टांगली, डोळे मिटले आणि हातोडीने ठोकलं.

ठक्क.

"चांगली," तो स्वतःशीच म्हणाला. मग डिस्क उलटी करून पाहिली. मागे खडूची फुली होती. त्याने बाहीने तोंड पुसलं.

दुसरी टांगली. ती सगळ्या रानात वाजत गेली. वरच्या फांदीवरची पाखरं उडाली. पपाने बोटांची टोकं कडेला लावली, मग गाल लावला. "गेली," म्हणाला. मागे गोल होता. शेपटीवाला गोल. बेकरीच्या फळ्यावर ममा असाच शून्य काढते.

मी मोबाईल खिशात टाकला आणि पुढे गेले. वाळक्या फांद्या पायाखाली कडाकडा मोडल्या. त्याने वळून पाहिलं नाही.

"पपा."

काही नाही.

"पपा."

माझी सावली डिस्कवर पडली तेव्हा तो दचकला.

आम्ही व्हॅनच्या मागच्या कडेला बसलो. तो माझ्या ओठांकडे बघत होता. असं तो बरेच महिने बघतो, आणि मला वाटायचं की माझ्यावर नजर ठेवतोय.

"कधीपासून?"

"आधी रातकिडे गेले. मग पाखरं. आता हे. तुझं बोलणं येतं, पण अर्धं. परवा जेवताना तू काय विचारलंस ते ममाने नंतर सांगितलं."

"मग सगळ्यांना 'गेली' का सांगतोस?"

"कळत नसेल तर ती डिस्क गाडीवर परत जाता कामा नये. उतारावर फुटली तर माणूस संपला."

"आणि शेड?"

"लोकांच्या वस्तू आहेत. चांगल्या कोणत्या ते ममा नंतर ठोकून ऐकते आणि मागे खडूने गोल काढून ठेवते. कान परत आला की ज्याच्या त्याला देईन म्हटलं." तो हातोडी मांडीवर फिरवत होता. "येत नाहीये."

"लोक तुला चोर म्हणतात, पपा."

"ऐकलंय. तेवढं बरोबर ऐकू आलं."

"बहिरा म्हणतील त्यापेक्षा ते बरं?"

त्याने हातोडी बाजूला ठेवली. "चोराशी लोक भांडतात आणि तरी परत येतात. बहिऱ्याच्या दारात डिस्क घेऊन कोण येईल, थेक्ला?"

घरी आलो तेव्हा ओव्हनमध्ये ममाचं बटाट्याचं डोपेकोख होत होतं. तिने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि तिला कळलं. तेवढ्यात ओव्हनचं घड्याळ बारीक आवाजात किणकिणायला लागलं. ममा आणि मी तिकडे पाहिलं. आम्ही पाहिलं म्हणून पपाने पाहिलं, आणि जणू आवाज ऐकूनच उठल्यासारखा उठला, हातमोजे चढवले, भांडं काळजीपूर्वक टेबलावर आणून ठेवलं. हे तो किती दिवस करत होता, कोण जाणे.

मी उभी राहिले आणि सावकाश, त्याच्याकडे तोंड करून बोलले.

"कानाच्या डॉक्टरकडे जायचं की नाही ते तू ठरव. पण शनिवारी गॅरेजात मी येणार. हातोडी तू मारायची, ऐकायचं मी. काय ऐकू आलं ते गिऱ्हाइकाला मी सांगणार, आणि डिस्क कोणती घालायची ते तू. शेडचं कुलूप काढायचं. मारेकाला मी निरोप धाडलाय की तिची डिस्क चांगली आहे, येऊन घेऊन जा. आणि ममा, तू मान हलवू नकोस, उद्या बसमध्ये मी स्मिलाला उत्तर देणार आहे. माझा पपा विकत नाही. त्याला ऐकू येत नाही."