शिळेचा घाम

मैदानातल्या मांडवाखाली दोनशे माणसं घामाच्या धारा पुसत बसली होती, आणि त्यांच्यासमोर पाटावर ठेवलेल्या काळ्या दगडालाही घाम फुटला होता. हौसेरावबाबांनी तो सगळ्यांदेखत कोरड्या पंच्याने पुसला होता. अर्ध्या तासात त्याच्यावर पुन्हा थेंब उभे राहिले.

"वरुणशिळा बोलली," बाबा म्हणाले. "बी टाकायची वेळ आली. वेधशाळेकडे यंत्रं असतील, माझ्याकडे साक्षात वरुणराजा आहे."

मे महिना अजून सरायचा होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. तरी लोकांनी हात जोडले.

खरं तर बाबांचं फावलं ते आमच्याच वादामुळे. कोपरखैरण्याच्या आमच्या सेक्टरमध्ये मोकळ्या जागेवर भाजीचे दहा वाफे केले होते. बी कधी टाकायचं? देशावरचे म्हणत, मृगाशिवाय नाही. कोकणातले म्हणत, रोहिणीतच. जो तो आपल्या गावची हवा सोबत घेऊन आलेला. या खाडीकाठी काय चालतं, हे जुन्या गावठाणात जाऊन विचारावं असं कुणाला सुचलं नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, तसा बाबांचा मांडव उभा राहिला.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. माझ्या शेजारचा वाफा गावठाणातल्या दुर्गाबाईंचा. त्यांचे वडील मिठागरात राबायचे, आई शेत बघायची. शेत शहराखाली गेलं, मिठागर बुजलं. उरलं ते आईच्या हातचं शिराळ्याचं बी. दुर्गाबाई ते दरवर्षी घरामागे लावून नवं बी धरत. यंदा घर पाडून नवं बांधायला काढलं, अंगण राहिलं नाही, म्हणून त्यांनी वाफा मागून घेतला होता.

बाबांनी प्रत्येकाला शिळेचं वाटीभर तीर्थ दिलं. बी त्यात रात्रभर भिजवायचं आणि मग पेरायचं. दुर्गाबाईंनी होतं त्यातलं बरंचसं बी भिजवलं. मी नको म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "देवाचं पानी हाय, बाई. वाईट कसं व्हईल?"

बारा दिवस गेले. रोज पाणी घालूनही एकाही वाफ्यात कोंब आला नाही.

बाबा डगमगले नाहीत. "वाफ्यांना कुणाचा तरी अशुभ हात लागला आहे," ते म्हणाले. दुर्गाबाईंचे यजमान चैत्रातच गेलेले. नाव घ्यायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतली वैदेही, शिकली-सवरलेली मुलगी, त्यांना म्हणाली, "मावशी, थोडे दिवस वाफ्यांकडे येऊ नका ना. सगळ्यांना टेन्शन येतं."

दुर्गाबाई घरी गेल्या. मला संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण त्यांना ते पटलं होतं. त्यांच्याकडे आता अकरा बिया उरल्या होत्या. त्याही बाबांकडून शुद्ध करून घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं. त्या अकरा बियाही गेल्या असत्या तर आईचं बी संपलं असतं.

त्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन सुभाषराव यांनी शिळा पूजेसाठी घरी नेली. एसी लावलेल्या खोलीत दोन तास ती कोरडी ठणठणीत राहिली. बाबा म्हणाले, "यंत्राचा वारा देवाला चालत नाही." एसी बंद करून खिडक्या उघडल्या, तेव्हा कुठे शिळा ओलावली. लोक धन्य झाले. मला मात्र आठवीचा वर्ग आठवला. काही क्षार हवेतली वाफ ओढून घेतात आणि स्वतःच विरघळतात. एसीने हवा कोरडी होते, मग ओढायला उरतं काय?

ओळखीच्या शिक्षिकेकडून मी तसला क्षार आणला. विटेचा तुकडा त्याच्या पाण्यात मुरवला, वाळवला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मांडवात गेले. दुर्गाबाई बियांची पुडी घेऊन रांगेत होत्या. मी सर्वांसमोर डबा उघडला आणि वीट शिळेशेजारी ठेवली.

"ही आमच्या जिन्याखालची वीट," मी म्हणाले. "हिच्यात कुठला देव आहे ते अर्ध्या तासाने बघू."

अर्ध्या तासात वीट ओली झाली. कुणीतरी हसलं. बाबा म्हणाले, "विटेला पाणी सुटलं असेल. शिळेचं ते तीर्थ आहे."

"मग दुर्गाबाई, चाखून बघा."

"तीर्थ बियांसाठी आहे, तोंडासाठी नाही," बाबा घाईने म्हणाले. पण मिठागरातली माणसं पाणी पिकलं का, म्हणजे मीठ धरण्याइतकं दाट झालं का, ते जिभेवर ओळखतात. दुर्गाबाईंनी शिळेवरचा थेंब बोटाने टिपला, जिभेला लावला आणि थुंकून टाकला.

"ह्ये पानी मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मीठ काढल्यावर मागं ऱ्हातं ना, त्ये कडू पानी. माजा बापूस त्ये बांदाच्या पल्याड सोरायचा. जिथं सांडलं तिथं गवत पन रुजायचं नाय." मग बाबांकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्याच्यात तू माजे आयचं बी भिजवलंस?"

बाबांनी शिळा पंच्यात गुंडाळली आणि श्रद्धाहीनांच्या गावात देव थांबत नाही, असं म्हणत काढता पाय घेतला. त्यांच्या मागे वीस-पंचवीस माणसं गेलीच. सुभाषराव म्हणाले, "तो माणूस खोटा असेल हो, शिळा खरी असू शकते."

जूनमध्ये पाऊस लागला. माती खोलवर भिजल्यावर मी दुर्गाबाईंना वाफ्यावर घेऊन गेले. त्यांनी पुडी माझ्या हातात दिली.

"तुमीच लावा, बाई."

"का? बी तुमचं आहे."

"तसं काय नाय." त्यांनी हात पदराखाली घेतला. "पन माजा हात..."

विटेने दगडाचं बिंग फोडलं, पण या हातातला संशय कुठल्या प्रयोगाने काढायचा, ते मला कळेना. वाचकहो, मेमध्ये आमच्याकडे खाडीकाठी पाऊस नसला तरी हवेत पाणी भरपूर असतं. तेवढ्यावर दगड ओला होतो. चमत्कार दिसला की तपासा, विचारा, चाखून बघा. आणि लवकर करा. उशीर झाला की बी तर जातंच, वर एखाद्या निरपराध बाईला स्वतःच्याच हाताचं भय बसतं.

मी पुडी परत दिली. "मी लावणार नाही," म्हटलं. "तुम्ही लावेपर्यंत इथेच बसते."

बराच वेळ गेला. आम्ही दोघी भिजत होतो. मग त्यांनी पदराखालून हात काढला आणि पहिली बी मातीत दाबली.