तेरा लेकींची माय

टिल्लू मास्तर निबंधाचे विषय सांगत नसत, काढायला लावत. चिठ्ठ्या लिहायच्या, डोक्यावरच्या काळ्या टोपीत टाकायच्या आणि टोपी वर्गातून फिरवायची. ज्याच्या हाताला जो देश लागेल तो त्याचा. शहाद्याच्या इंग्रजी शाळेत बसून आम्ही पोरांनी अशी सगळी पृथ्वी आपसात वाटून घेतली होती. वर्गातल्या धुडकूला नाईल नदी मिळाली. पूर ओसरल्यावर गाळात पीक कसं येतं यावर तो मास्तरांपेक्षा जास्त लिहून बसला. माझ्या वाट्याला रोमचे रस्ते आले. "रोमचे रस्ते फार चांगले होते. आमच्या धानोऱ्याचा रस्ता तसा नाही," एवढं लिहून मी दौत बंद केली. मास्तरांनी खाली शेरा मारला, "खरे आहे, पण अपुरे आहे."

सन अडतीसच्या उन्हाळ्यात माझा मित्र रूपचंद याच्या हाताला अमेरिका लागली. विषय होता, "अमेरिकेतील तेरा वसाहती मातृदेशापासून का फुटल्या?" चिठ्ठी वाचून त्याचं तोंड कडू झालं. त्याला लढाई हवी होती. लढाईवर तो चार पानं सहज लिही, कारण त्यातली तीन घोड्यांवर असत.

पण रूपचंद हुशार होता आणि मास्तरांचा लाडका होता, हे मला मान्य करावंच लागतं. आम्ही दोघेही धानोऱ्याचे. मी शहाद्यात मामाकडे राहायचो. तो शहाद्याला लागूनच असलेल्या लोणखेड्याला, रंजनाबाईकडे राहायचा. रंजनाबाई ही त्याची थोरली बहीण. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन तो शाळेत यायचा आणि वर्गात पहिला यायचा. मीही अधूनमधून तीच भाकरी खायचो, पण माझ्या बाबतीत तिचा काही उपयोग झाला नाही.

तर रूपचंदने विचार केला की वसाहत म्हणजे लांब दिलेली लेक आणि मातृदेश म्हणजे तिचं माहेर. एकदा हे डोक्यात बसल्यावर त्याची लेखणी सुटली ती सुटलीच. मास्तर निबंध वाचून खूश झाले. तरी शेवटी त्यांनी लाल शाईने लिहिलं, "कल्पना झकास. परंतु मुख्य कारण राहिले. सुटीत शोधून पुन्हा लिही." रूपचंदने पुस्तक दोनदा चाळलं. कर होता, चहा होता, लढाई होती. आणखी काय राहिलं ते त्याला कळेना. मला विचारलं तर मी म्हटलं, रस्ते राहिले असतील.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात. निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, पोरीबाळी झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात, घरोघर आंब्याचा रस आणि सांजोऱ्या होतात. पुरुषांना त्या दिवशी उघडउघड पत्ते खेळायची मोकळीक असते. शिवाय आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं. रूपचंदच्या घरचा सालदार त्या दिवशी सकाळी आंघोळ करून, जेवून, नवीन धोतर नेसून निघून गेला होता. नवा अजून ठरला नव्हता.

रूपचंदचे वडील पितांबरआबा म्हणजे गावातला शब्दाचा माणूस. रीतभात सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लेक दिली की तिच्या घरचं पाणीही बापाने प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. नातू झाला की बरेच जण ती सैल करतात. रंजनाबाईला मुलगा होऊन दोन वर्षं झाली, तरी आबांनी सैल केली नव्हती. लोणखेड्याला गेले तर दारातूनच परत. याचा त्यांना अभिमान होता आणि गावालाही त्यांचा होता.

दुपारी आबांच्या ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगला. दोधूकाका शेजारचे. ते सारखे हरत होते, म्हणून त्यांना डाव मोडायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

"पितांबर, तुन्हा आंडोर काय शिकस रे शहादाले?" त्यांनी रूपचंदकडे बोट दाखवत विचारलं.

आबांनी पत्ते पालथे ठेवले. "रूप्या, वाच रे तुन्हा निबंध. लोकेस्ले कळू दे."

रूपचंद उभा राहिला. मी खांबाला टेकून सांजोरी खात होतो. त्याने वाचलं, "इंग्लंड ही आई होय. तिच्या तेरा लेकी समुद्रापार, फार लांब दिलेल्या होत्या. त्यांनी रान तोडून घरे बांधली व शेते पिकवली. पुढे आईने फ्रान्सशी मोठे भांडण केले व त्याच्या खर्चासाठी लेकींकडे मागणे लावले. कागदावर कर बसविला, चहावर कर बसविला. लेकीच्या घरचे पाणीही आईबापास वर्ज्य असते, हे त्या आईस ठाऊक नसावे. तेव्हा लेकींनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकून दिल्या."

ओट्यावर एकदम गलका झाला. अमेरिका कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं, पण भांडण सगळ्यांना समजलं.

"पोरना घरनं खास? माय शे का कोन शे ती?" लेकीच्या घरचं खाणारी आई कोणालाच पटेना.

"आनि च्या फेकी दिना? दूध टाकेल व्हता का?" दोधूकाकांनी विचारलं.

"कोरडी पत्ती व्हती, काका."

"मंग ठीक शे."

आबांनी मांडीवर थाप मारली. "आसी मायनं तोंड देखानं नहीं! बरं कयं पोरीस्नी." आणि त्यांनी असं काही सगळ्यांकडे पाहिलं की जणू तेराही लेकींची लग्नं त्यांनीच लावून दिली होती.

इथे निबंध संपला असता आणि डाव पुन्हा सुरू झाला असता. पण हरणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही.

"पितांबर," दोधूकाका पत्ते पिसत म्हणाले, "ती माय ते इलायतनी. आपलं सांग. हाऊ रूप्या लोणखेडाले कोना घर जेवस?"

"मन्हा दाना जास तठे," आबा म्हणाले. "दर साल पोतं भरी जास."

"दाना तुन्हा. चूल कोनी?"

ओट्यावरचे सगळे आबांकडे पाहू लागले.

घरातून रूपचंदची आई धनुबाई उंबऱ्यापर्यंत आली. "तो भाऊ शे ना तिन्हा! भाऊबीजले भाऊ जेवसच ना बहीननं घर?"

"भाऊबीज एक दिननी ऱ्हास वं वहिनी," दोधूकाका म्हणाले. "तीन वरीसनी नहीं."

मला दोधूकाकांचा इतका राग आला की सांजोरी घशात अडकली. पण त्यांचं म्हणणं खोडायला जागाच नव्हती. ती रूपचंदनेच स्वतःच्या अक्षरात, शुद्ध मराठीत बंद केली होती.

आबा उठले. "रूप्या, तुन्ही पेटी आते आठेच ऱ्हाई. सालदार बी गया. उद्या वावरमा चाल."

म्हणजे शाळा बंद. रूपचंद निबंध हातात धरून तसाच उभा राहिला. शहाद्यात त्याला दुसरं राहायला ठिकाण नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबा एकदा बोलले की बोलले, हे तर सगळ्या गावाला माहीत होतं. पुढच्या वर्षी मॅट्रिक होती. वर्गात पहिला येणारा पोरगा कापूस वेचणार आणि रोमच्या रस्त्यांवर दोन ओळी लिहिणारा मी मॅट्रिकला बसणार, हा विचार माझ्यासारख्या निगरगट्टालाही सहन होईना.

गलका ऐकून रंजनाबाई झोक्यावरून आली. कडेवर पोरगं, केसांत निंबाचा पाला. "काय व्हयनं?" तिने विचारलं. धनुबाईने तिला सगळं सांगितलं: माय, तेरा लेकी, चहा, चूल आणि पेटी. रंजनाबाईने पोराला आईकडे दिलं आणि ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण नजर खाली नव्हती.

"आबा, शाळा काबर बंद?"

"तुले तरास नको म्हनीसन."

"माले तरास शे आसं मी सांगं का?"

"नहीं."

"नहीं शे, आसं सांगं का?"

आबा विचारात पडले. "नहीं बा. ते बी नहीं."

"म्हंजे माले कोनी इचारंच नहीं."

दोधूकाकांनी पत्ते खाली ठेवले.

"तीन वरीस पहिले गाडी उनी," रंजनाबाई म्हणाली. "पेटी उतरनी, पोतं उतरनं, रूप्या उतरना. मी पानीना तांब्या लई उनी, ते तुमी हात जोडात. म्हने, पोरना घरनं पानी चालत नहीं. बैल बी नहीं सोडात. गाडी वळाई नि गयात. पानीनं पाप लागस आबा, आनि न इचारता आंडोर ठेवी जावानं लागत नहीं?"

बोलताना तिचा आवाज भरून आला. तो लपवायची तिने खटपट केली नाही. "रूप्या माले जड नहीं. भाकरी थापाना कटाळा नहीं. हाऊ नवल बी दर रविवारले बिनबलायेल येस, त्याले मी कधी काही बोलनी का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांजोरी पाठीमागे लपवली. "पन ठेवतास तवय एक सबद इचारता, ते मी हासीसन हा म्हनती. आते लई जातस, तवय बी इचारत नहीत."

आखाजीच्या दिवशी, पुरुषांच्या ओट्यासमोर, लेकीने बापाला असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला.

तेवढ्यात रूपचंद ओरडला, "हाईच! आबा, हाईच ऱ्हायी गयतं!"

सगळ्यांना वाटलं पोराला ऊन लागलं. पण तो निबंधाचे कागद हलवत भराभरा सांगू लागला. पुस्तकात एक वाक्य होतं, ते वकिली म्हणून त्याने सोडून दिलं होतं. वसाहतींचं म्हणणं असं होतं की तुमच्या सभेत आमचा माणूस बसत नाही, आम्हाला कोणी विचारत नाही, मग तुमचा कर आम्ही का मानावा? चहावरचा कर तर अगदी हलका होता. लेकींना द्यायला जड नव्हतं. न विचारता घेतलं, याचा त्यांना राग होता. मास्तर म्हणत होते ते मुख्य कारण हेच.

आबांनी ते ऐकून घेतलं. "मंग त्या मायनी काय कयं? इचारं का मंग?"

"नहीं, आबा. फौज धाडी."

"आनि लेकी?"

"तेरानी तेरा कायमन्या तुटन्या."

आबांनी डोक्यावरची पगडी काढून ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. विचारणं म्हणजे काय असतं आणि ते कोणत्या तोंडाने करतात, हे शोधत असावेत. अखेर ते पायरीवर, लेकीच्या पुढ्यात बसले.

"रंजू," ते म्हणाले. लग्नानंतर तिला या नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "इचारस तुले. रूप्या तुन्हा घर ऱ्हावो का?"

रंजनाबाईने लगेच हो म्हणायला हवं होतं असं मला वाटलं. पण नाही. तिने पदराने डोळे पुसले, केसांतला पाला काढला, पोराला परत कडेवर घेतलं आणि मग विचार करून म्हणाली, "ऱ्हावो. पन इहीरनं पानी तो भरी. आनि सांजले, मी भाकरी थापस तवय, जे शिकना ते माले वाची दाखाडी. माले बी कळू दे, चूलपल्याड काय शे ते."

"भरसू," रूपचंद म्हणाला. "वाचसू बी."

दोधूकाकांनी डाव नव्याने वाटला आणि पुन्हा हरले. मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आबांनी गाडी जुंपली. पेटी, पोतं, रूपचंद आणि मी. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून दुपारी लोणखेड्याला पोचलो. नवा निबंध रूपचंदच्या खिशात होता. पुढे टिल्लू मास्तरांनी तो वर्गात मोठ्याने वाचला आणि हे कारण कोणत्या पुस्तकात सापडलं असं विचारलं, पण ते नंतरचं.

गाडी दारात थांबली. आबा खाली उतरले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "रंजू, येऊ का?" त्यांनी आवाज दिला.

रंजनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मी आबांकडे पाहत होतो. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे हात जोडले.

"पानी ते मी पेवाव नहीं, बाई," ते म्हणाले. "एवढं वय गयं, आते मन्हाथीन ते व्हवाव नहीं. पन तुले चाली ते आज बठस जरासा. रूप्या वाची ना सांजले, ते माले बी आयकनं शे."

"बठा," रंजनाबाई म्हणाली.

आबा ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "नवल, बैल सोड रे."