सुटली गं बाई!

मित्रांनो, मी होडीच्या पाठीला लटकणारी एक जुनी मोटर आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग निळा होता. आता तो कोणता आहे, यावर घरात एकमत नाही.

माझा पाय पाण्यात आणि डोकं उन्हात असतं. पायानं पाणी ओढायचं, अंगभर फिरवायचं आणि बाजूच्या भोकातून बारीक धारेनं सोडायचं, एवढ्यावर मी थंड राहते. माझा म्हातारा होडीवाला रोज आधी ती धार बघायचा. "सुटली गं बाई!" म्हणायचा आणि मगच उतारूंना खाडीपलीकडच्या काठावर न्यायचा. बायकोची तब्येत तो इतक्या आस्थेनं विचारत नसे, असं खुद्द बायकोचं म्हणणं होतं.

मग तो गेला. होडी पालथी घातली गेली आणि मला पडवीत लाकडी घोडीवर टांगलं. कौतुक करणारं माणूस गेलं, तरी धूळ मात्र नेमानं येत राहिली.

वर्ष उलटलं आणि लेकीनं ठरवलं, बाबांची होडी आपण चालवायची. तिनं मला पाण्यात उतरवून दोरी ओढली. मी सुरू झाले, पण धार येईना. अंग तापलं, जळका वास सुटला. तिनं घाईनं मला बंद केलं आणि मिस्त्रीला बोलावलं.

"काका, ही बरी झाली तर होडी चालेल. नाहीतर ही भंगारात आणि होडी विकायची."

मिस्त्रीनं माझा पाय सोडवून आतला पाण्याचा पंप उघडला. पाणी वर ढकलणाऱ्या रबरी पंख्याच्या पाकळ्या जळून तुटल्या होत्या.

"पाण्याबाहेर कोणी चालवली ही?"

"कोणीच नाही. वर्षभर हातसुद्धा लावला नाही."

"मग काय, एकटीच गात बसली होती?"

भाजी निवडणाऱ्या आईचे हात थांबले.

"मी चालवायचे," ती म्हणाली. "रविवारी, तू बाजाराला गेलीस की. हे परत यायचे तेव्हा लांबून आवाज यायचा ना... तेवढाच ऐकायला."

मिस्त्रीनं तुटलेल्या पाकळ्या गोळा करून मोजल्या.

मित्रांनो, आत कोरडं रबर घासून जळत होतं, हे मला कळत होतं. पण ओरडण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

मिस्त्रीनं नवा पंखा बसवला आणि मला पाण्यानं भरलेल्या पिंपात उभं केलं. तरी धार नाही! लेकीचा चेहरा उतरला.

"थांब, पोरी. जुन्या पंख्याची एक पाकळी सापडलेली नाही. ती गेली कुठे?"

ती माझ्या वरच्या नळीत, मिठाच्या खपलीत रुतून बसली होती. मिस्त्रीनं तार घालून तो काळा तुकडा बाहेर काढला. पुन्हा दोरी ओढली. मी खोकले, थुंकले, आणि...

"सुटली गं बाई!" आईच आधी ओरडली. मग तिनं पदर तोंडाला लावला.

आता लेक होडी चालवते. रविवारी होडीला सुट्टी. बाजाराला जाण्याआधी ती पिंप भरून मला त्यात उभं करते आणि शेजारी आईची खुर्ची मांडते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची आठवण आली, तर त्याच्या यंत्राला जरूर बोलतं करा. पण आधी त्याला पाणी पाजा. धार सुटू द्या, मग हवं तितकं ऐका.