निळ्या चिंधीचं पाप

“निघालं! पाप निघालं!”

दगडाच्या जुन्या खाणीत साठ-सत्तर माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या माना झोपडीच्या दाराकडे वळल्या होत्या. दारात येव्रेमबाबा उभे होते. पोटापर्यंत दाढी, अंगात काळा पायघोळ झगा, आणि दोन बोटांच्या चिमटीत एक चिंधी. आत नेताना ती पांढरी होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आता ती मोरपंखी निळी झाली होती.

“बघा लेकरांनो,” बाबांनी चिंधी उंच धरली. “वुयित्साच्या बंदुकीच्या पोटात हे विष होतं! कारखान्यात बंदूक घडवताना कामगार शिव्या देतात, एकमेकांचं वाईट चिंततात. ते सगळं नळीत साचतं. मग गोळी बिचारी सरळ जाणार कशी? पाप आडवं येतं!”

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. चिंधीवरचं बाबांचं तेल म्हणजे तीनशे वर्षं अखंड तेवलेल्या दिव्यातलं, असं ते सांगत. त्याचा दर्प इतका उग्र, की पुढच्या रांगेतल्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या धाराही भक्तीच्या खाती जमा झाल्या.

मग खरा चमत्कार. सकाळी वनरक्षक वुयित्सानं याच बंदुकीतून पाच गोळ्या भराभर झाडल्या होत्या. शंभर मीटरवरच्या कागदावर त्या दोन्ही पंजे पसरले तरी झाकणार नाहीत अशा विखुरल्या होत्या. आता बाबांनी बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, आपल्या झग्यातून ‘मंतरलेली’ काडतुसं काढली आणि एक गोळी झाडली. मग लांबलचक प्रार्थना. दुसरी गोळी. पुन्हा प्रार्थना. तिसरी. वुयित्सा धावत जाऊन कागद घेऊन आला. तिन्ही भोकं एका आलुबुखाराखाली झाकली जातील इतकी जवळ होती.

“मिळाला वर!” बाबा म्हणाले. “पण ध्यानात ठेवा. आता ही बंदूक कागदावर झाडायची नाही. तिच्या एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. देवाची परीक्षा घ्याल, तर मिळालेला वर जाईल. रानात जा, जनावर दिसलं की चाप ओढा. गोळीला वाट ठाऊक आहे.”

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या पर्सिदाच्या अंगावर काटा आला, पण भक्तीचा नव्हे. तिनं खालच्या गावातल्या बंदुकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली होती, तीही जमिनीखालच्या चाचणीच्या बोगद्यात. तिथं दर बंदुकीतून पाच गोळ्या कागदावर झाडायच्या. तळहाताखाली झाकल्या तर बंदूक विकायला जायची, नाहीतर परत दुरुस्तीला. हजारो बंदुका तिच्या खांद्यानं सोसल्या होत्या. आम्ही शिव्या द्यायचो हे खरं, ती मनात म्हणाली, पण त्यानं गोळी वाकडी गेलेली कधी पाहिली नाही.

तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ मिलोये उभा होता. हातात धुरावलेल्या डुकराच्या मांसाची आख्खी तंगडी, बाबांच्या चरणी वाहायला. त्याची बंदूक बाबांनी मागच्या उन्हाळ्यात ‘शुद्ध’ केली होती. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी रानडुकरं हाकून काढायच्या हाक्यात त्याच बंदुकीची गोळी हाकाऱ्यांमधल्या रातोमिर पोस्टमनच्या मांडीत घुसली होती.

हाड फुटलं. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण गुडघा पुन्हा वाकणार नव्हता. चाळीस घरांच्या डोंगरातल्या वस्त्या पायी फिरणारा माणूस आता खिडकीत बसून असायचा. पोलिसांसमोर सगळ्या शिकाऱ्यांनी एकच जबाब दिला, गोळी दगडावर आपटून वळली. प्रकरण मिटलं. मागच्याच आठवड्यात मिलोयेला बंदूक परत मिळाली होती. मात्र अपघात झाला तेव्हाच येव्रेमबाबांनी त्याला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं होतं. “गोळी दगडावर वळली नाही, लेकरा. तुझ्या मनात शंका होती. शंकेनं वळली.”

तेव्हापासून मिलोये धड जेवत नव्हता. चार महिने तो आपल्या मनातली ती शंका शोधत होता.

घरी आल्यावर पर्सिदानं भिंतीवरची त्याची बंदूक काढून टेबलावर ठेवली.

“ताई, हात नको लावूस!” मिलोये ओरडला.

“का रे? चावते का?”

“बाबांनी सांगितलंय.”

“आणि मी एकतीस वर्षं काय चकल्या पाडत होते?” तिनं दोन बोटांनी वरची दुर्बीण धरली आणि हलवली. दुधाचा दात हलावा तशी ती हलली. “बघ. तुझ्या बाबानं झोपडीत ही उतरवली आणि परत लावताना स्क्रू नीट आवळले नाहीत. दहा-वीस वेळा गाडीतून आदळली, चार गोळ्यांचा दणका बसला, की झाली ढिली. अशा दुर्बिणीतून तू डुकरावर नेम धरलास तरी गोळी हातभर बाजूला जाणार. कागदावर एक गोळी झाडली असतीस तर तेव्हाच कळलं असतं.”

“पण कागदावर झाडायची नाही म्हणून...”

“म्हणूनच तर तो तसं सांगतो!”

मिलोये खुर्चीत बसला. पर्सिदाला वाटलं होतं, त्याच्या छातीवरचा दगड उतरेल. पण त्याचा चेहरा आणखीच काळवंडला. “म्हणजे शंका नव्हती,” तो स्वतःशीच पुटपुटला. “माझा तर पुरता विश्वास होता.”

“काय म्हणालास?”

“काही नाही.” तो उठून गोठ्यात निघून गेला.

पुढच्या रविवारी खाणीत आणखी गर्दी होती. पर्सिदा आपल्या वारलेल्या नवऱ्याची घरात राहिलेली बंदूक खांद्यावर टाकून आली. दुसऱ्या हातात पिशवी. ती थेट पुढे गेली.

“मुली, शुद्धीसाठी आलीस?” बाबांनी आशीर्वादाचा हात वर केला.

बासष्टाव्या वर्षी मुलगी म्हणवून घेणं कुणाला आवडत नाही? “नाही हो बाबा,” ती म्हणाली, “माझ्या जेझ्वेच्या पापाचं बघायचंय जरा.” तिनं पिशवीतून तांब्याची जुनी, कल्हई उडालेली, कॉफी उकळायची लांब दांड्याची जेझ्वा काढली. मग एक बाटली. पांढऱ्या चिंधीवर बाटलीतलं पाणी ओतलं, तसा तोच उग्र दर्प सुटला. पुढच्या रांगेतल्यांचे डोळे पुन्हा भरून आले. तिनं ती ओली चिंधी जेझ्वेच्या पोटात दाबून बसवली. “थांबा थोडं,” ती म्हणाली आणि दगडावर टेकली.

काही वेळानं तिनं चिंधी काढली. निळी.

गर्दीत कुजबुज झाली.

“या बिचारीनं आयुष्यभर कॉफी उकळली,” पर्सिदा म्हणाली. “दुसरं कसलं पाप केलं असेल, तुम्हीच सांगा! हा अमोनिया आहे, काचा पुसायचा. तो तांब्याला लागला की निळा होतो. आपल्या गोळ्यांना वरून तांब्याचा पत्रा असतो. दर गोळी नळीत थोडं तांबं घासून जाते. ते साचलं की नेम बिघडतो, धुतलं की सुधारतो. कारखान्यात आम्ही रोज धूत होतो. कुणी आम्हाला तंगड्या आणून दिल्या नाहीत.”

कुणीतरी हसलं. बाबा मात्र डगमगले नाहीत. “देव तांब्यातूनही बोलतो, मुली. चिंधी निळी करणं सोपं. तीन गोळ्या एका ठिकाणी बसवून दाखव.”

“त्यासाठीच आलेय. या बंदुकीला कुणाचाही आशीर्वाद नाही. काल मी तिची नळी धुतली आणि सगळे स्क्रू आवळले.” तिनं खिशातून साधा कागद काढला आणि नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून सरकवत नेला. “लाकूड एका जागी नळीला टेकत होतं, कागद अडकत होता. तेवढं घासून काढलं. आता बघा, सरळ जातो. काडतुसं एकाच खोक्यातली, एकाच दिवशी भरलेली. झालं. एवढाच माझा मंत्र.”

बंदूक पिशव्यांवर टेकवून तिनं पहिली गोळी झाडली.

“आता प्रार्थना?” वुयित्सानं विचारलं. त्याचा आवाज जरा टोचरा होता, पण तो जवळ सरकला होता.

“नळी गार व्हायला हवी. प्रार्थना मला फारशी येत नाही, कोबी खारवायची रीत सांगते.” आणि तिनं खरोखर सांगितली. पिंपात कोबीचे गड्डे कसे रचायचे, देठ कोरून मीठ कसं भरायचं, वर दगड केवढा ठेवायचा. दहा मिनिटं गेली. दुसरी गोळी. मग पाणी रोज कसं खाली-वर करायचं. “मावशी, मक्याचे दाणे घालायचे की नाही?” मागून एका बाईनं विचारलं. तिसरी गोळी.

वुयित्सा कागद घेऊन आला. तीन भोकं. बाबांच्या तीन भोकांहून किंचित जवळच.

“कोबीचा वर मिळाला!” कुणीतरी ओरडलं आणि खाण हशानं दणाणली.

पर्सिदा हसली नाही. “थांबा. खरी गोष्ट आता आहे. वुयित्सा, हाच कागद परत लाव आणि याच बंदुकीनं आणखी सात गोळ्या झाड. भराभर.” त्यानं झाडल्या. नळी तापून वर हवा थरथरताना दिसत होती. या वेळी कागद आला तेव्हा भोकं तळहाताएवढी पसरली होती. “ही माझी बंदूक,” ती म्हणाली. “चांगली आहे, पण इतकीच. त्या तीन गोळ्या म्हणजे तिचे सणाचे कपडे. तीन गोळ्या कुणाच्याही कधीतरी जवळ पडतात. दहा झाडा, म्हणजे बंदूक खरं बोलते. आता तुझी आण.”

वुयित्सा घुटमळला. आठ दिवसांपूर्वीच वर मिळालेली बंदूक. तो बाबांकडे बघत राहिला.

“परीक्षा घेशील तर वर जाईल,” बाबा करड्या आवाजात म्हणाले.

“जाऊ दे की मग,” वुयित्सा म्हणाला. “माझी दोन पोरं हाक्याला रानात असतात, बाबा.”

त्यानं आपली रोजची काडतुसं भरली आणि दहा गोळ्या झाडल्या. भोकं टोपीएवढी पसरली. दोन तर कागदाच्या कडेला होती. कागदाची घडी घालून तो थेट झोपडीत शिरला आणि सापडलं ते दारात आणून ठेवलं. अमोनियाची बाटली, स्क्रू आवळायचे पेचकस, सँडपेपर, आणि स्पर्धेतले नेमबाज वापरतात तसल्या महागड्या काडतुसांचं खोकं.

“मी हत्यार वापरत नाही असं कधी म्हटलं?” येव्रेम म्हणाला. आता त्याला कुणी बाबा म्हणत नव्हतं. “संतसुद्धा हातांनीच काम करतात.”

“तुझे हात चांगले आहेत,” पर्सिदा म्हणाली. “दारावर ‘बंदुका दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी लावली असतीस, तर मीच गिऱ्हाईकं धाडली असती. पण कामाला चमत्कार म्हटलंस आणि तो उघडा पडू नये म्हणून लोकांना तपासायची बंदी केलीस. त्या बंदीनं रातोमिरचा पाय कायमचा अधू झाला.”

लोक खवळले. कुणी दगड उचलला. पर्सिदानं त्याचा हात धरला. येव्रेमनं झगा वर धरून वाट काढली आणि त्याला अडवलं कुणी नाही. मग सगळे मिलोयेभोवती जमले. “सुटलास गड्या! तुझा काही दोष नाही. त्या ढोंग्यानं स्क्रू ढिले ठेवले!” कुणी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी राकिया दारूची बाटली पुढे केली.

मिलोयेनं बाटली घेतली नाही.

“मला रातोमिर दिसला होता,” तो म्हणाला.

आधी कुणाला नीट ऐकूच गेलं नाही.

“डुकराच्या मागेच होता तो. नेमापासून दीड हात बाजूला. त्याचं नारिंगी जाकीट दुर्बिणीत स्पष्ट दिसत होतं. तरी मी चाप ओढला. म्हटलं, वर मिळालेली बंदूक आहे, गोळी डुकरालाच लागणार.” त्यानं बहिणीकडे पाहिलं. “शंका असती तर मी थांबलो असतो, ताई. शंका नव्हती, म्हणून ओढला.”

पर्सिदा भावाकडे सरकली. तिनं त्याच्या डोक्यावरून खोटा अपराध उतरवला होता. त्याच्याखाली खरा होता, आणि तो तिला उतरवता येणार नव्हता.

“आणि पोलिसांना सांगितलेलं?” वुयित्सानं हळूच विचारलं. “दगडावर वळली ते?”

“ते खोटं. तुम्ही माझ्यासाठी बोललात. उद्या मी जाऊन खरं सांगतो.”

त्या दुपारी दोघं बहीणभाऊ रातोमिरच्या घरी गेले. तो खिडकीतच होता, ताठ पाय स्टुलावर. मिलोयेनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

“तुला मी दिसलो होतो,” शेवटी रातोमिर म्हणाला.

“हो.”

“चार महिने मी त्या दगडाला शिव्या घालतोय. कुठला दगड, ते विचारत होतो सगळ्यांना. बायको म्हणायची, वेड लागलंय.” त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. “मिलोये, आज तू जा. मला तुझं तोंड बघवत नाही. पण उद्या पोलिसांकडून आलास की इकडून जा. काय झालं ते मला कळायला हवं.”

पुढच्या मोसमाआधी खाणीत भरलेल्या शिकाऱ्यांच्या बैठकीत पर्सिदाला बोलावलं. ती फार बोलली नाही. “माझ्यावरही विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली. “दर मोसमाला आपापली बंदूक घेऊन खाणीत या, कागद लावा, दहा गोळ्या झाडा आणि भोकं स्वतः मोजा. कुणी म्हणालं की तपासू नका, तर तो माणूस संत असो, पुढारी असो की तुमचा सख्खा भाऊ, त्याच्यापासून चार पावलं दूर राहा. आणि बंदूक कितीही नेमकी निघाली, तरी समोर माणूस असेल तर चापावरचं बोट काढा. हे कुठल्याही कागदावर दिसत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं.”

तिच्या हातातली शिकाऱ्यांच्या नावांची यादी वुयित्सानं घेतली आणि पहिलं नाव पुकारलं. मिलोयेची बंदूक पोलिसांकडे होती आणि खटला अजून उभा राहायचा होता. तो खाणीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर कोरे कागद लावत होता.