सहा रिकाम्या डब्या, एक भरलेली बरणी

शुक्रवारी सकाळी साडेसातला मोनालीच्या मोबाईलवर स्वरूपाचा फोटो आला. खाली एकच ओळ होती, ‘ताई, हे काय झालंय?’

दोन्ही गाल लाल झाले होते आणि हनुवटीपर्यंत बारीक पुरळ उठलं होतं. मोनालीनं फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच बंद केला. स्वरूपाचं लग्न रविवारी दुपारी साडेबाराला होतं, बारामतीजवळच्या पिंपळीला. आणि कालच, इंदापूरच्या आपल्या पार्लरमध्ये, मोनालीनं तिचा ट्रायल मेकअप केला होता.

पार्लर म्हणजे घराची पुढची खोली. चार वर्षांत गिऱ्हाईक जमलं तसा कचराही जमला. रिकाम्या ट्यूबा, कॉम्पॅक्टच्या डब्या, लिपस्टिकच्या कांड्या. सासूबाई चतुराबाई त्या अंघोळीच्या बंबात टाकायच्या आणि काळा चिकट धूर घरात शिरायचा. मग बारामतीला आसावरी नावाच्या बाईंचं दुकान मोनालीला सापडलं. सहा रिकाम्या डब्या धुऊन द्यायच्या, बदल्यात एक मेकअपची वस्तू फुकट. पण ती नव्या डबीत मिळत नसे. आपणच घरून बरणी न्यायची, मोठ्या कॅनमधून त्यात भरून घ्यायचं. मोनालीनं गिऱ्हाइकांकडून डब्या मागून घेतल्या आणि सोमवारी जाऊन बरणीभर फाउंडेशन आणलं. रंग स्वरूपाच्या गालाला इतका जुळला की ती स्वतःवरच खूश झाली होती.

आता तीच बरणी तिच्यासमोर होती. काचेची, छोटी, पत्र्याच्या झाकणाची. तिच्यावर ना नाव, ना तारीख. नेण्याआधी ती उकळत्या पाण्यात घातल्याचं मोनालीला नीट आठवत होतं. तिनं थोडं फाउंडेशन स्वतःच्या मनगटावर लावलं, गालावर लावलं आणि आरशासमोर उभी राहिली. हे काल, स्वरूपाला लावायच्या आधी करायला हवं होतं. पंधरा मिनिटं झाली तरी गालाला काहीच झालं नाही. मग स्वरूपाला कशानं झालं तेच कळेना, आणि त्यानं तिची भीती उलट वाढली.

‘काय झालं गं? अशी का हुबी?’ चतुराबाईंनी विचारलं.

‘आत्या, स्वरूपाच्या तोंडावर पुरळ उठलंय. मी लावलं त्यानंच असंल.’

‘ऊन लागलं आसंल म्हन. लग्नघरात कोण काय लावतं, कुणाला ठावं? तू कशाला आपल्या अंगावर घेती? आन फुकटचं व्हतं ह्ये तर आजाबात सांगू नगं.’

फुकटचं. स्वरूपाला तिनं ते सांगितलंच नव्हतं. सांगावंसं वाटलंही नव्हतं.

तिनं आसावरीला फोन लावला. पाच मिनिटांत कॅनवरच्या लेबलचा फोटो आला. पाठोपाठ आसावरीचाच फोन आला, ‘तारीख पुढच्या वर्षीची आहे. याच कॅनमधलं बऱ्याच जणींनी नेलंय, कुणाची तक्रार नाही. पण तुम्ही वेळ घालवू नका. बरणी घेऊन डॉक्टरांकडे जा.’

मोनालीनं स्वरूपाला बारामतीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे यायला सांगितलं आणि एसटी पकडली. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता आणि ड्रायव्हरला काही केल्या पुढं जाता येईना. रुमालात गुंडाळलेली बरणी मांडीवर धरून ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. प्रत्येक वाक्य उन्हापासून सुरू होत होतं.

दवाखान्यात स्वरूपा तोंडावर ओढणी घेऊन बसली होती. शेजारी नकोशी नावाची तिची मावशी. आई गेल्यापासून स्वरूपाला तिनंच वाढवलेलं.

‘काय लावलं व्हतं पोरीला?’ मावशीनं बसूही न देता विचारलं. ‘खरं सांग.’

‘मावशी, ऊन फार आहे सध्या…’ मोनालीनं सुरुवात केली.

स्वरूपानं ओढणी खाली घेतली. फोटोत दिसलं त्याहून जास्त होतं. डावा डोळाही किंचित सुजला होता.

मोनालीनं वाक्यं जुळवणं सोडून दिलं. तिनं सगळं सांगून टाकलं. रिकाम्या डब्या, बरणी, आणि आधी तपासून न बघता लावलं तेही.

‘फुकटचं?’ मावशीचा आवाज चढला. ‘आमच्या पोरीच्या लग्नाला जुन्या बरणीतलं फुकटचं?’ बसलेले पेशंट वळून बघायला लागले. स्वरूपानं ओढणी पुन्हा तोंडावर घेतली. ती बोलली असती तर बरं, असं मोनालीला वाटलं.

डॉक्टरांनी लेबलचा फोटो वाचला. बरणीचा वास घेतला, मग झाकणाचा, आणि थांबले. ‘या बरणीत आधी काय होतं?’

‘काही नाही. घरातलीच आहे. मी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं, मला काही झालं नाही.’

डॉक्टरांनी चिमट्यानं झाकणाच्या आतली पुठ्ठ्याची गोल चकती उचकटली. खाली पिवळट, तेलकट थर होता. कापराचा उग्र वास टेबलभर पसरला. मोनालीला तो वास ओळखीचा होता. चतुराबाई रोज संध्याकाळी गुडघ्याला चोळायच्या, ते मलम.

‘मी उकळली होती हो बरणी,’ ती कशीबशी म्हणाली.

‘बरणी उकळलीत. चकतीखाली कोण बघतं? हेच कारण दिसतंय. तुमच्या कातडीला सोसतं, हिच्या नाही.’ त्यांनी मलम लिहून दिलं. ‘गार पाण्याच्या घड्या ठेवा. रविवारपर्यंत गालाला दुसरं काही लावायचं नाही.’

‘रविवारपर्यंत जाईल ना?’ स्वरूपानं पहिल्यांदाच विचारलं.

‘कमी होईल. पूर्ण जाईल असं मी सांगत नाही.’

बाहेर येताच मावशी म्हणाली, ‘हिला सुट्टी द्यायची. बारामतीत काय पार्लरं कमी हायती?’

‘दुसरी आली की ती झाकायलाच बघंल, मावशी,’ स्वरूपा दमलेल्या आवाजात म्हणाली. ‘हिला निदान काय लावायचं न्हाय ते माहितीय.’

घरी आल्यावर मोनालीनं चतुराबाईंना झालेला प्रकार सांगितला. ‘मीच ठिवली व्हती ती बरणी फळीवर,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी गुडघ्याला मलम लावलं नाही.

शनिवारी स्वरूपाचा सकाळचा फोटो आला, सूज उतरलेली. दुपारी दुसरा पाठवते म्हणाली होती, तो आलाच नाही. मोनालीनं तीन वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. एका गिऱ्हाइकाची भुवई करताना तिची नजर सारखी मोबाईलकडे जायला लागली, तेव्हा दोरा खाली ठेवून तिनं त्या बाईची माफी मागितली. पाचला मेसेज आला, ‘हळदीच्या गडबडीत होते. तोंडाला नाही लावली.’

रविवारी नऊला ती पिंपळीत पोचली. डाव्या गालावर बोटभर गुलाबी डाग उरला होता. मोनालीनं फक्त काजळ घातलं, लिपस्टिक लावली, केस बांधून मोगरा माळला. मावशी खुर्चीमागं उभी राहून तिच्या बोटांवर नजर ठेवून होती.

विधी सुरू झाला. पांढऱ्या साडीत स्वरूपा हात जोडून बसली होती. सगळे बुद्धवंदना म्हणत होते आणि मोनाली शेवटच्या रांगेतून एकच गाल बघत होती. व्हिडिओवाल्याचा दिवा जवळ आला. स्वरूपाच्या कपाळावर घाम आला आणि तिचा हात गालाकडे गेला. मोनाली उठून उभीच राहिली. स्वरूपानं कानामागं केस सारले आणि हात पुन्हा जोडले.

जेवणाच्या वेळी मोनाली बॅग भरून निघाली, तर मावशी ताट घेऊन आडवी आली.

‘जेव.’

‘नको मावशी, गाडी आहे.’

‘माफ केलं आसं समजू नगं,’ मावशी म्हणाली. ‘पन लग्नघरातनं उपाशी जायाचं न्हाय.’

मोनाली जेवली. परतीच्या एसटीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. वाटेतलं लासुर्णं गाव गेल्याचं तिला कळलं, त्यापुढचं काहीच कळलं नाही. इंदापूरच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टरनं दांडीवर टकटक केलं, ‘ओ ताई, उतरा. आलं इंदापूर.’