चालणं आईचं, भीती मुलाची

दाराची बेल वाजली. मेट्रनबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागल्या, तोच मुलगा आतून ओरडला, "आई, बस! पडशील!"

त्या बसल्या, पण डोकं भडकलं. आपल्याही किती घरांत हेच चालतं! कंपवात झाला, की माणसाला खुर्चीत डांबायचं आणि त्यालाच माया म्हणायचं.

मेट्रनबाईंचा उभा जन्म इस्पितळात रुग्णांची सेवा करण्यात गेला होता. आता त्यांचीच पावलं दारात आली, की जमिनीला चिकटायची. म्हणून उपचार केंद्रात रोबोटवर चालण्याचा सराव सुरू होता. अंगाला पट्टे, पायांना यांत्रिक आधार, खाली सरकता पट्टा.

त्या दिवशी तिथल्या फिजिओथेरपिस्टनं विचारलं, "मेट्रनबाई, घरी चालता ना?"

"छे, घरी आम्ही तिला उठूच देत नाही," मुलगा अभिमानानं म्हणाला.

"प्रश्न मला विचारलाय." आजारानं खोल गेलेला त्यांचा आवाज आज मात्र खणखणीत निघाला. "हे यंत्र मला धरतं, पण पाऊल मलाच टाकायला लावतं. आणि तू? इथं कमावलेलं घरी नेऊन खुर्चीत घालवतोस!"

"अगं, काळजीपोटीच ना..."

"काळजी तुझी आणि शिक्षा मला? ऑपरेशन झालेल्यांना मी उठवून चालवायचे, तेव्हा नातेवाईक माझ्यावरच खेकसायचे. आज तू त्यांच्यातला झालास. आजारानं अर्धे पाय नेले, उरलेले तू नेतोयस."

मुलाची मान खाली गेली. त्यानं फिजिओथेरपिस्टला विचारलं, "मग मी करू काय?"

"शेजारी उभे राहा. पाऊल अडलं तर ओढू नका; थांबू द्या, मग तालात आकडे म्हणा. आणि वाटेतली पायपुसणी उचला."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात पावलं अडलीच. मुलाचे हात पुढे झाले. त्यानं ते मागे घेतले.

"एक... दोन..."

"माझ्यापेक्षा तुलाच घाम फुटलाय," त्या फणकारल्या आणि पाऊल आत पडलं.

त्यांनी स्वतः चहा केला. अर्धा ओट्यावर सांडला.

"पुसून घे," त्या म्हणाल्या. "ते काम तुझं."

तो फडकं घेऊन पुसू लागला.

वाचकहो, आजारी माणसाला हात जरूर द्या. पण आपली भीती शमावी म्हणून त्याचे पाय काढून घेऊ नका.